साखरपुड्यातली साखर

माझी सासू पाणीचोर होती. 'होती' म्हणायचं कारण एवढंच, की आता चोरायला पाट उरलेला नाही. आमच्या धायरीच्या रानावर बारा-बारा मजल्यांच्या चार इमारती उभ्या आहेत, आणि त्यांतल्या तिसरीच्या तळमजल्यावर, जिथे लोक पैसे भरून घाम गाळतात, तिथे सोजरबाईचा कांदा असायचा. खडकवासल्याचं पाणी कालव्याला सुटलं की प्रत्येकाची पाळी ठरलेली. बाबुराव पाटकरी सायकलवरून फिरायचा आणि पाटाला कुणी कधी दार पाडायचं, म्हणजे बांध फोडून आपल्या रानात पाणी कधी घ्यायचं, ते सांगायचा. सोजरबाई मान डोलवायची, बाबुरावला चहा पाजायची, आणि सायकल वळणाआड गेली की शेजाऱ्याच्या पाळीत खोरं घेऊन आपलं दार फोडायची. एकदा पकडली गेली तर म्हणाली, "घुशीनं पोखरलं." हातात खोरं होतं.

तोंडावर मी तिला आत्या म्हणते आणि अहो-जाहो करते. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. पण कागदावर ती सोजरबाई, आणि अगं-तुगं. कागदावर तरी सुनेला मोकळं बोलू द्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सृष्टीला, माझ्या मुलीला, सातव्या वर्षी डायबेटिस झाला. लहान मुलांना होतो तो, टाइप वन. शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, बाहेरून द्यावं लागतं, रोज, जन्मभर. भावकीतल्या बायका भेटायला आल्या आणि त्यांनी फुकटात निदानं केली. पोरीनं चॉकलेटं खाल्ली म्हणून झालं. ग्रहणात शेफालीनं भाजी चिरली म्हणून झालं. शेफाली म्हणजे मी. शेफालीचं शिक्षण जास्त झालं म्हणूनही झालं. सोजरबाई सगळ्यांना कपभरून चहा द्यायची आणि त्यात साखर घालायची नाही. "आपल्या घरात डायबेटिस हाय ना," म्हणायची. दुसऱ्यांदा कुणी आलं नाही.

दीड वर्ष आम्ही दिवसाला चार-पाच सुया टोचल्या. मग डॉक्टरांनी पंप सुचवला. सोजरबाईनं पहिला प्रश्न विचारला, "किती हॉर्सपॉवरचा?" आणि कमरेला अडकवायची ती काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी पाहिल्यावर तिचा चेहरा पडला. एवढ्या पैशात पाण्यातली मोटार, केबल आणि स्टार्टर आला असता, असं तिनं जयसिंगला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऐकवलं. जयसिंगरावांचे दोन जेसीबी आहेत. पाईपलाईन न फोडता तिच्या शेजारी खड्डा घेतील, पण पोरीच्या पोटात सुई जाते म्हटलं की या माणसाला घेरी येते. एकदा आलीसुद्धा, तेव्हा सृष्टीनंच त्याला पाणी आणून दिलं.

म्हणजे पंप सांभाळायला उरले कोण? मी. आणि अडचण तिथेच होती. बाणेरच्या कंपनीत मी टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि ते काम मी घरी फुकट करते. वर्षभर बिनपगारी रजा झाली होती. कंपनीनं कळवलं, जूनच्या एक तारखेला हजर व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. मला नोकरी हवी होती. उगाच त्यागाबिगाच्या गप्पा मारत नाही, हवीच होती. सृष्टी शाळेतून आल्यापासून मी घरी पोचेपर्यंतचे पाच तास कुणीतरी पंप बघायला हवा होता, आणि ते कुणीतरी म्हणजे चौथी नापास, दाताला मिश्री लावणारी, खोटं बोलण्यात तरबेज सोजरबाई.

क्लिनिकचा नियम होता की मुलाला सांभाळणाऱ्या माणसाला पंपाचे शब्द आलेच पाहिजेत, आणि ते आले की नाही हे तिथल्या सरोजिनी मॅडम तपासणार. सरोजिनी मॅडम नारायण पेठेतल्या. आवाज कधी चढत नाही, त्याची गरजच पडत नाही.

"शब्द कशाला?" सोजरबाईनं विचारलं होतं. "बटण दाबायचं दावा की."

"आजी, उद्या पंप बंद पडला आणि आपण मला फोन केलात, तर काय सांगाल? ते गोल-गोल लाल झालंय? गोल-गोल पुष्कळ असतं."

पहिल्या परीक्षेला मी सोजरबाईला पंधरा दिवस पाठांतर करायला लावलं होतं. फ्रिजवर तक्ता लावला होता, रंगीत. मॅडमनी विचारलं, "बेसल म्हणजे काय?"

"ठिबक," सोजरबाई म्हणाली.

"काय?"

"ठिबक हो. थेंब-थेंब. दिवसभर चालूच ऱ्हातं, खाल्लं न खाल्लं तरी."

मॅडमनी पेन थांबवलं. "आणि बोलस?"

"पाट सोडायचा. जेवाय बसलं की एकदम."

"आजी, कृषी महाविद्यालय शिवाजीनगरला आहे. इथे डायबेटिसचं चालतं." पण उत्तर चूक आहे असं त्या म्हणाल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. "बरं. इन्सुलिन ऑन बोर्ड?"

इथे सोजरबाई अडकली. आणि अडकली की ती काय करते ते अख्ख्या धायरीला माहीत आहे. ठोकून देते. "त्ये व्हतं थोडं," ती म्हणाली, "संपलं."

"आजी, हा शब्द चुकला तर मूल संपेल." मॅडमनी फाईल मिटली. "चार आठवड्यांनी या."

घरी येताना सोजरबाई रिक्षावाल्याशी भांडलीसुद्धा नाही, त्यामुळे मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी स्वयंपाकघरात आली, कट्ट्याला टेकली आणि म्हणाली, "त्ये बोर्डाचं परत सांग." मी लॅपटॉप आणायला निघाले तर म्हणाली, "डबडं ऱ्हाऊ दे. तोंडानं सांग."

मी तोंडानं सांगितलं. इन्सुलिन दिलं की ते लगेच संपत नाही. तीन-चार तास अंगात काम करत राहतं. तासाभरानं साखर उतरली नाही म्हणून दुसरा डोस दिला, तर पहिल्यातलं उरलेलं आणि नवं मिळून साखर धाडकन खाली येते. साखर फार खाली गेली की पोर घामाघूम होतं, बरळतं, बेशुद्ध पडतं. अंगात आधीचं किती शिल्लक आहे, तो आकडा पंप दाखवतो. तेच इन्सुलिन ऑन बोर्ड.

सोजरबाई बराच वेळ मिश्री घासत उभी राहिली. मग म्हणाली, "माझा कांदा असाच मेला."

एका उन्हाळ्यात तिनं भर दुपारी पाणी चोरलं होतं. वरून बघितलं तर वाफे कोरडेच दिसले. म्हणून दार आणखी फोडलं. तरी कोरडे. आणखी फोडलं. मग एकदम सगळं रान भरलं. धावत जाऊन तिनं दार बुजवलं. "दार बुजवलं तरी सरीत आलेलं पाणी जातंय कुठं? त्ये मपल्याच रानात. तीन दिवस मुरत व्हतं. मुळं कुजली सगळी. तुझा सासरा इच्यारत व्हता काय झालं, काय झालं."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"रोग पडला म्हून सांगितलं." तिनं चूळ भरली. "म्हंजी तुझं बोर्ड म्हंजी मुरतं पाणी. आसं सांग ना. कवाधरनं इंग्रजी झाडतीयास."

त्या दिवसापासून आमच्या घरात पंपाची भाषा बदलली. इन्सुलिन म्हणजे पाणी. खाणं म्हणजे ऊन. ऊन पडलं की पाणी द्यायचं. ऊन नसताना दिलं की मुळं कुजतात. पंपाच्या आत इन्सुलिनची नळकांडी असते ती टाकी, आणि पोटावर चिकटवलेली बारीक नळी ती नळीच. नळी भरताना आधी हवा काढायची, हे तर तिला शिकवावंच लागलं नाही. विहिरीवरच्या मोटारीला तीस वर्षं तिनं तेच केलं होतं. दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा पंपावर दाखवायचा, आणि चढतेय की उतरतेय त्याचा बाण. आकडा सत्तर ते एकशेऐंशीच्या मधे असला की सोजरबाई म्हणायची, "वाफसा हाय." जमीन ना चिखल, ना कोरडी, तो वाफसा. सृष्टी शाळेतही तेच बोलायला लागली. तिच्या बाईंनी मला डायरीत लिहून विचारलं, वाफसा हे कोणतं औषध आहे.

याचा अर्थ सोजरबाई सुधारली असा घेऊ नका. एक दिवस चार वाजता आकडा उगाच अडीचशे झाला. मी विचारलं, आत्या, काय दिलंत? काही नाही. सृष्टीच्या दातात चिक्की दिसत होती. मी म्हटलं, मग ही चिक्की कुणी खाल्ली? सोजरबाई शांतपणे म्हणाली, "घुशीनं." आजी-नात दोघी खिदळल्या आणि मी भिंतीवर डोकं आपटायची बाकी राहिले.

आमचं खरं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून झालं. पुस्तिकेत लिहिलं होतं, जेवणाचा डोस जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी द्यावा. सोजरबाईला ते मान्य नव्हतं.

"ताट पुढ्यात आल्याबिगर पाट सोडायचा न्हाय."

"आत्या, पुस्तिकेत आहे. तज्ज्ञांनी लिहिलंय."

"लिवणाऱ्याला आपल्यातली लग्नं ठावं न्हाईत."

मी तिला अडाणी म्हटलं. म्हणजे मनात नाही, तोंडावर. तिनं माझा रंगीत तक्ता फ्रिजवरून काढला आणि त्यावर भिजलेली कोथिंबीर वाळत घातली.

मग मे महिन्यात ऋतिकाचा साखरपुडा आला. ऋतिका जयसिंगच्या चुलतभावाची मुलगी. सिंहगड रोडवरचं कार्यालय: वरच्या मजल्यावर स्टेज आणि खुर्च्या, खाली जेवणाचा हॉल, आणि मधे एकच जिना. दुपारचे साडेबारा वाजले. माईकवाल्यानं जाहीर केलं, "साखरपुड्याचा विधी पाच मिनिटांत उरकतोय मंडळी, त्यानंतर थेट खाली जिलेबी-मठ्ठा!"

मी हिशेब केला. पाच मिनिटं विधी, पाच मिनिटं जिना, पाच मिनिटं वाढप. पंधरा. मसालेभात एक वाटी, दोन जिलेब्या, मिळून सत्तर ग्रॅम कार्ब, म्हणजे पोटात गेल्यावर साखर होणारा भाग. सृष्टीला वीस ग्रॅमला एक युनिट इन्सुलिन लागतं. साखर एकशेचाळीस, बाण आडवा. मी साडेतीन युनिट दाबले.

शेजारच्या खुर्चीवरून सोजरबाईनं पाहिलं. "ताट कुठाय?"

"खाली तयार आहे."

"मी पुढ्यात म्हणले व्हते."

"आत्या, प्लीज. सगळ्यांसमोर नको."

तेवढ्यात माईक परत खरखरला. "मंडळी, एक आनंदाची बातमी! आपल्या सर्वांचे मार्गदर्शक साहेब अवघ्या दोन मिनिटांत आपल्यात येत आहेत. साखरपुडा त्यांच्याच उपस्थितीत होईल. कृपया कुणीही जागा सोडू नये!"

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडच्या समारंभात नवरा-नवरी नसले तरी एक वेळ चालतं, साहेब नसून चालत नाही. आणि साहेबांची दोन मिनिटं ही साहेबांची असतात. ते आले एकला दहा कमी असताना, ढोल-ताशासकट. सगळा गर्दीचा लोंढा त्यांच्या मागून जिना चढून आला आणि जिन्यातच थांबला. मग सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. साहेबांचा, साहेबांबरोबरच्यांचा, आणि माजी सरपंचांचा. गाव महापालिकेत जाऊन जमाना झाला, पण सरपंच अजून माजी आहेत. मग साहेबांनी माईक हातात घेतला.

सृष्टीनं माझा पदर ओढला. "मम्मी, पाय मऊ झालेत."

मी पंप पाहिला. ब्याण्णव, दोन बाण खाली. पाच मिनिटांनी एक्क्याऐंशी. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

मी पंप थांबवला. पिशवी उघडली. ग्लुकोज, ज्यूस, सगळं ज्या पाऊचमध्ये असतं तो पाऊच तिथे नव्हता. तो गाडीत होता. गाडी घेऊन जयसिंगराव साहेबांना हार घालायला पुलापाशी गेले होते आणि अजून पार्किंगच शोधत होते. फोन लावला, ढोलात कुणाला ऐकू येणार? मी जिन्याकडे धावले. जिन्यात माणसांची भिंत. "बाळाला बरं नाही, जाऊ द्या," मी ओरडले, तर एका फेटेवाल्यानं तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. साहेब बोलत होते ना.

खरं सांगते, माझं डोकं बंद पडलं. वर्षभर मी तक्ते लावले, कोष्टकं केली, सासूला अडाणी म्हटलं, आणि त्या क्षणी पोरीला पोटाशी धरून मी नुसती उभी होते. मला काही म्हणजे काही सुचेना.

"किती?" सोजरबाई माझ्याजवळ आली होती.

"अडुसष्ट. दोन बाण खाली. आत्या, मी पंप थांबवलाय."

"दार बुजवलंस. सरीतलं पाणी येतंयच की." तिनं पदर खोचला. "हितंच थांब. पोरीला बसव."

आणि ती स्टेजवर चढली.

टेबलावर नवरीसाठी आणलेला साखरेचा पुडा ठेवला होता. गुलाबी चकचकीत कागदाचा हातभर सुळका, त्याला सोनेरी गोंडा, कडेनं मोती. मुलाच्या आईनं, प्रेमलाकाकूंनी, तो नवरीच्या ओटीत घालायचा, म्हणजे लग्न पक्कं झालं. सोजरबाईनं तो उचलला, गोंडा उपटला आणि दातानं टोक फोडलं.

तीनशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला. प्रेमलाकाकू किंचाळल्या, "अहो, अहो! पुडा अजून मुलीच्या ओटीत पडला नाही!"

"पोरीच्याच तोंडात पडतोय," सोजरबाई म्हणाली आणि खाली उतरली. सृष्टीचं तोंड उघडून तिनं मूठभर साखर आत लोटली. "गिळू नगं. इरघळू दे. बस्स. आता आनखी घे." सृष्टीच्या हनुवटीवर, फ्रॉकवर, माझ्या शालूवर साखर. मी रडत होते आणि आकडा बघत होते. चौसष्ट.

मला वाटलं आता ती थांबेल. पण सोजरबाई परत वर गेली आणि साहेबांच्या हातातला माईक काढून घेतला. अगदी बाबुरावच्या हातात चहाचा कप द्यावा तितक्या सहज.

"साहेब, तुमी मागनं बोला, तुमचं रोजचंच हाय. ये जिन्यातल्यांनो, बाजूला व्हा. खाली एक ताट करा, दोन जिलब्या घाला, भात घाला. नुसत्या साखरंवर भागायचं न्हाय. पोरीच्या अंगात अजून लई पाणी मुरायचंय आन् ऊन पडल्यालं न्हाय."

शेवटचं वाक्य हॉलमध्ये तिघांनाच कळलं. पण साहेबांनी सोजरबाईकडे पाहिलं, सृष्टीच्या कमरेच्या पंपाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मावशी, मी पण गाडीत सुई घेऊनच आलोय. चला, मलाही वाढा." आणि साहेब जिन्याकडे निघाले. मग काय विचारता. साहेब जेवायला निघाले म्हटल्यावर पाच मिनिटांत वरचा मजला रिकामा झाला आणि नवरा-नवरी दोघंच स्टेजवर उरले. ऋतिका हसत होती. शहाणी पोरगी आहे.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी सृष्टीच्या पुढ्यात ताट आलं. पहिली जिलेबी तिनं सावकाश खाल्ली, दुसरी हावरटासारखी, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. एकसष्ट, मग चौऱ्याहत्तर, मग एकशेदोन. "वाफसा," सृष्टी म्हणाली आणि मठ्ठा मागितला.

प्रेमलाकाकू मात्र पेटल्या होत्या. शेजारच्या दुकानातून अर्धा किलो साखर आणून वर्तमानपत्रात दुसरा पुडा बांधला गेला होता, आणि तो हातात धरून त्या सगळ्यांसमोर विचारत होत्या, "मला कळू दे तरी, शुभकार्यात पुडा फोडला कुणी?"

सोजरबाईनं मठ्ठ्याचा घोट घेतला. "घुशीनं," ती म्हणाली.

मंगळवारी दुसरी परीक्षा होती. पंपाला स्मरण असतं. किती वाजता किती डोस गेला ते सगळं त्यात राहतं. सरोजिनी मॅडमनी तो संगणकाला जोडला, चष्मा पुढे ओढला आणि रविवारपाशी थांबल्या.

"साडेबाराला साडेतीन युनिट. जेवण?"

"एक पंचवीसला," मी म्हटलं, आणि मधे साहेब कसे आले, सोजरबाईनं पुड्यातली साखर देऊन ताट कसं मागवलं, तेही सांगितलं.

"म्हणजे पंचावन्न मिनिटं. सुंदर. हा डोस कुणी दिला?"

मी तोंड उघडलं.

"म्या," सोजरबाई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मॅडमनी पेन उचललं. "मग आपण नापास, आजी. मी मूल आपल्या ताब्यात देऊ शकत नाही." आणि फाईलमध्ये लिहायला सुरुवात केली.

आणि मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू? सोजरबाई नापास म्हणजे माझी नोकरी गेली, हे मला कळत होतं, तरी गप्प बसले. वर्षभर मी जिच्यापुढे माझी कोष्टकं मिरवली त्या सोजरबाईसमोर, चूक माझी होती हे म्हणायला जीभ वळेना.

लिहिता लिहिता मॅडमनी विचारलं, "साखर खाल्ल्यावर ताट कशाला मागितलंत? साखर पुरली नसती?"

"आवो, तीन तरी युनिट मुरायचं व्हतं की. पुड्यातल्या साखरंनं आकडा वर आला आसता, पन मागनं पाणी येतच व्हतं. परत बुडली आसती. म्हून भात पायजे व्हता, दमानं उतरणारा."

पेन थांबलं. मॅडमनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम," मी म्हटलं, "डोस मी दिला. आत्या नको म्हणत होत्या. ताट समोर येऊ दे म्हणत होत्या. मी ऐकलं नाही."

"ते मला मघाशीच कळलं," सरोजिनी मॅडम म्हणाल्या. "डोस पुस्तिकेप्रमाणे जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी धरलेला होता. आपल्या घरात पुस्तिका कोण वाचतं, याची मला कल्पना आहे." त्यांनी लिहिलेलं खोडलं. "आजी पास. आपण पुढच्या मंगळवारी या. एकट्या."

नापास व्हायचा माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग. सृष्टीला फार आनंद झाला.

जायच्या आधी मी मॅडमशी दोन मिनिटं बोलले, त्यांनी काहीतरी लिहिलं, मग आम्ही रिक्षात बसलो. सृष्टी मधे, पंपावरची बटणं मोजत. मी म्हटलं, "आत्या, खोटं का बोललात? तुम्ही नापास झाला असता तर माझी नोकरी गेली असती."

"नोकरी दुसरी मिळंल."

"पण का?"

सोजरबाईनं रिक्षाबाहेर बघितलं. दांडेकर पुलापाशी सिग्नल लागला होता. "ती फाईल पोरीजवळ ऱ्हाणार जल्मभर," ती म्हणाली. "मोठी व्हईल, वाचंल. आईनं चुकवलं, आईच्या हातनं मराय टेकले व्हते, आसं तिनं कशापायी वाचायचं? आजी चुकली तर चुकली. आजी काय, मरून जातीया."

जन्मभर आपल्या हातातलं खोरं घुशीवर ढकलणारी ही बाई, माझं खोरं मात्र मुकाट्यानं आपल्या हातात घेऊन बसली होती. मी तिला अडाणी म्हटलं होतं. मी तिचा हात धरला. तो मिश्रीनं काळा होता आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.

"मी मॅडमना लिहायला सांगितलंय," मी म्हटलं. "डोस आईने दिला. साखर आजीने दिली. दोन्ही लिहिलंय. वाचू दे तिला."

सिग्नल सुटला.

"आन् पुडा कुणी फोडला, त्ये?" सोजरबाईनं विचारलं.

"तेही लिहिलंय."

"काय लिवलंय?"

मी काही बोलायच्या आत मधे बसलेली सृष्टी म्हणाली, "घुशीनं." आणि सोजरबाई इतक्या मोठ्यानं हसली, की रिक्षावाल्यानं वळून बघितलं आणि तिनं लगेच त्याला समोर बघून चालवायला सांगितलं.